नवजात बाळाचं लिंग नुसतं बघून ठरत नसेल तर: पहिल्या तीन आठवड्यांची तपासणी

बाळाच्या बाहेरच्या अंगावरून मुलगा की मुलगी हे सांगता आलं नाही, की दवाखान्यात आणि घरात एकच घाई सुरू होते: ‘काय ते एकदा ठरवून टाका.’ ते ठरायला दहा-पंधरा दिवस लागले तरी बाळाचं काही बिघडत नाही. बाळ दगावतं ते रक्तातलं सोडियम उतरून आणि पोटॅशियम चढून. हे बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यात घडतं, म्हणजे डिस्चार्ज होऊन बाळ घरी गेल्यावर. म्हणून इथं तपासण्यांचा क्रम त्या धोक्याप्रमाणं लावला आहे. लिंगनिश्चितीचा प्रश्न त्याच वाटेवर पुढं सुटतो.

हा लेख कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातल्या छोट्या प्रसूतिगृहांतले डॉक्टर, नर्स आणि आशाताईंसाठी आहे, तसाच बाळाच्या आईवडिलांसाठीही. औषधांची मात्रा दिली आहे ती डॉक्टरांसाठी. घरी त्यावरून काही देऊ नये.

धोका कुठून येतो

मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही दोन संप्रेरकं बनवतात. कॉर्टिसॉल साखर आणि रक्तदाब सांभाळतं, अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ धरून ठेवतं. ती बनवणाऱ्या साखळीत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः नसेल किंवा अपुरं असेल, तर दोन्ही संप्रेरकं कमी पडतात आणि आधीच्या पायरीवरचा १७-ओएचपी हा पदार्थ साचत जातो. साचलेला माल पुरुषी संप्रेरकांच्या वाटेला लागतो. गर्भ मुलीचा असेल तर तिची शिश्निका (क्लिटोरिस) वाढते, भगोष्ठ एकमेकांना चिकटतात, कधी कधी अंग हुबेहूब मुलासारखं दिसतं. आत मात्र गर्भाशय आणि बीजांडं व्यवस्थित असतात. या आजाराला डॉक्टर थोडक्यात सीएएच (कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया) म्हणतात. जन्मतः लिंग अस्पष्ट असण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण.

मुलग्याला हाच आजार असेल तर जन्मतः जवळपास काहीच दिसत नाही. शिस्न आणि वृषण नेहमीसारखे असतात, फार तर वृषणकोषाची आणि स्तनाग्रांची कातडी जास्त काळपट. असा मुलगा दहाव्या-बाराव्या दिवशी उलट्या आणि सुस्तीनं येतो आणि ‘जंतुसंसर्ग’ म्हणून त्याच्यावर उपचार होत राहतात. मुलीच्या बाबतीत अंगानं तरी आधी इशारा दिलेला असतो.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात साधारण ५,७६२ बाळांमागं एकाला सीएएच आढळला. आजार आईकडून आणि वडिलांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतो. आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत आहे, कानडी मुलखात मामा-भाचीचंही लग्न लागतं, त्यामुळं दोघांत तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. म्हणून पहिल्याच चौकशीत नातं विचारा. याआधीचं एखादं बाळ, विशेषतः मुलगा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन गेलं का, हेही विचारा. ‘दूध मानवलं नाही’, ‘दृष्ट लागली’ अशा नावांनी सांगितलेल्या जुन्या मृत्यूंमागं सीएएच असू शकतो. गरोदरपणात आईचा आवाज घोगरा झाला, अंगावर-चेहऱ्यावर केस वाढले, तर तिच्याकडूनच पुरुषी संप्रेरक आलं असेल किंवा वारेतलं अ‍ॅरोमाटेज विकर कमी असेल. आईनं गरोदरपणात कोणती संप्रेरकं घेतली, तेही लिहून घ्या.

कोणत्या बाळाची तपासणी करायची

अंग उघडपणे अस्पष्ट असेल तर प्रश्नच नाही. चुकतात ती पुढची बाळं.

मुलासारखं दिसणारं बाळ, पण दोन्ही बाजूंना गोटी हाताला लागत नाही. याला ‘गोट्या उतरतील सहा महिन्यांत’ म्हणून घरी पाठवू नका. गोटी एकही लागत नसेल, तर शिस्न कितीही नीट दिसो, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती सीएएचची मुलगी समजून चाला. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

लघवीचं छिद्र टोकाला नसून अगदी मुळाशी, वृषणकोषाजवळ असेल. किंवा छिद्र थोडंच खाली, पण सोबत एक गोटी उतरलेली नसेल. शिस्न फारच लहान असेल. मुलीची शिश्निका मोठी असेल, भगोष्ठ मागून जुळलेले असतील, किंवा जांघेत वा भगोष्ठात गाठ लागत असेल, तरीही तपासणी हवी. मुलीच्या दोन्ही जांघांतला हर्निया तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधीच थांबवून बघावा, कारण त्या गाठी कधी कधी वृषण निघतात.

उलट, घाबरायचं कारण नाही अशीही बाळं असतात. कमी दिवसांच्या मुलीत भगोष्ठांत चरबी भरलेली नसते, म्हणून शिश्निका उठून दिसते. मोजली की नेहमीच्या मापाची भरते. पायाळू जन्मलेल्या बाळाचं अंग सुजतं आणि काही दिवसांत ओसरतं. गुटगुटीत बाळाचं शिस्न ओटीपोटाच्या चरबीत दडलेलं असतं. पहिल्या आठवड्यात मुलीला पांढरा स्राव किंवा थोडं रक्त जाणं हे आईच्या संप्रेरकांमुळं होतं.

हातानं आणि पट्टीनं तपासणं

खोली उबदार, हात उबदार. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून बाजूला पाडा. बोटांना थोडं साबणपाणी किंवा जेली लावा, म्हणजे कातडीखालची गोटी निसटताना कळते. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून सुरुवात करून एका हाताची बोटं जांघेच्या नळीवरून खाली, वृषणकोषाकडं सरकवत आणा. दुसऱ्या हातानं खाली अडवा. बाळ रडत असताना केलेली तपासणी मोजू नका. दूध पिऊन झोपल्यावर पुन्हा करा. जांघेतली लसिकेची गाठ गोटी समजणं ही नेहमीची चूक: लसिकेची गाठ खाली ओढून येत नाही, गोटी येते.

गोटी लागली तर उत्तर पुष्कळ जवळ येतं. जांघेच्या खाली उतरलेली गोटी जवळजवळ नेहमी वृषण असते, क्वचित वृषण आणि बीजांड मिळून झालेली मिश्र ग्रंथी. निव्वळ बीजांड एवढं खाली उतरत नाही.

शिस्न मोजताना पट्टी जघनाच्या हाडाला टेकेपर्यंत चरबी दाबा, शिस्न हलकेच पूर्ण ताणा आणि बोंडाच्या टोकापर्यंत मोजा. पुढची कातडी मोजायची नाही. पूर्ण दिवसांच्या बाळात सरासरी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास भरतं. अडीचपेक्षा कमी भरलं तर ते लहान समजून पुढं तपासा. शिश्निकेची लांबी ९ मिलीमीटरपेक्षा किंवा रुंदी ६ मिलीमीटरपेक्षा जास्त असेल तर ती वाढलेली. भगोष्ठ मागून जुळलेत का हे डोळ्यांनी फसवं वाटतं, तेव्हा गुदद्वारापासून भगोष्ठांच्या मागच्या जोडापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला गुदद्वार ते शिश्निकेचं मूळ या अंतरानं भागा. उत्तर ०.५ पेक्षा जास्त आलं तर जुळणी आहे.

मग गुदद्वार धरून छिद्रं मोजा: दोन की तीन? लघवी नेमकी कुठून येते हे बाळ लघवी करताना बघा. नर्सला सांगून ठेवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या लंगोटाला ते दिसतं. स्तनाग्रं, अंगाच्या घड्या आणि जननांगाचा रंग आईवडिलांच्या वर्णाशी ताडून बघा. सावळ्या घरात काळपटपणा सहज नजरेआड होतो. दोन बाजू सारख्या आहेत का, हेही लिहा. एका बाजूला भरलेला कोष आणि दुसरीकडं रिकामा, असं वाकडं चित्र असेल तर ४५,एक्स आणि ४६,एक्सवाय अशा मिश्र गुणसूत्रांची शंका घ्यावी.

हे सगळं कागदावर मापांसह लिहा. ‘अ‍ॅम्बिग्युअस’ एवढा एक शब्द लिहून पाठवलेल्या चिठ्ठीचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग होत नाही. फोटो काढायचाच तर आईवडिलांची लेखी परवानगी घेऊन, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

पहिल्या दिवशी काय घ्यायचं, तिसऱ्या दिवशी काय

पहिल्या दिवशी साखर. टाचेच्या थेंबावर ग्लुकोमीटरनं ती ४५ मिलीग्रॅमच्या खाली आली तर लगेच दुरुस्त करा. शिस्न फार लहान आहे, लघवीचं छिद्र मात्र जागेवर आहे आणि साखर सारखी उतरते आहे, पुढं कावीळही लांबते आहे, तर दोष मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असू शकतो. अशा बाळाचं कॉर्टिसॉल, थायरॉइडसाठी टी-४ आणि टीएसएच, आणि वाढीचं संप्रेरक साखर उतरलेली असतानाच्या रक्तात बघावं लागतं. हेही जीवावर बेतणारं आहे.

त्याच दिवशी गुणसूत्रांसाठी रक्त घ्यावं. नळ्या अशा:

– गुणसूत्र तपासणी: हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी, १ ते २ मिली. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत.
– जनुक तपासणी: जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, १ ते २ मिली. आईवडिलांचंही घेऊन ठेवलेलं बरं.
– संप्रेरकं आणि सोडियम-पोटॅशियम: साधी किंवा पिवळ्या टोपणाची नळी.

गुणसूत्रांचं रक्त ईडीटीएत भरणं आणि नळी बर्फावर ठेवणं या दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त नमुने वाया जातात. हिरवी नळी गोठू द्यायची नाही आणि तापूही द्यायची नाही. एप्रिल-मे महिन्यात अथणी-रायबागकडून एसटीच्या टपावरच्या पार्सलातून ती पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. शक्यतो चोवीस तासांत लॅबमध्ये पोचेल असा वार बघा. शनिवारी संध्याकाळी घेतलेलं रक्त रविवारभर कुठं तरी पडून राहतं. बाळाला रक्त चढवायचं असेल तर आधी नमुना घ्या, नाहीतर रक्तदात्याच्या पेशी अहवालात येतात. पेशी वाढवून पूर्ण अहवाल यायला आठवडा किंवा जास्त लागतो. एक्स, वाय आणि वृषण घडवणारं एसआरवाय जनुक एवढंच बघणारी फिश ही चाचणी दोन-तीन दिवसांत उत्तर देऊ शकते, म्हणून जिथं होते तिथं तीही मागा.

१७-ओएचपी मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका. जन्माच्या ताणामुळं निरोगी बाळातही तो पहिल्या दोन दिवसांत चढलेला असतो. ४८ तासांनंतर, शक्यतो ७२ तास झाल्यावर घ्या. कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळात तो नंतरही थोडा चढाच राहतो, आणि आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर खोटा कमीही येऊ शकतो. ही माहिती फॉर्मवर लिहा.

अहवालात एकक बघितल्याशिवाय आकडा वाचायचा नाही. प्रति मिलिलिटर १०० नॅनोग्रॅम म्हणजे प्रति डेसिलिटर १०,००० नॅनोग्रॅम, म्हणजेच लिटरमागं साधारण ३०० नॅनोमोल. एकाच बाळाचा आकडा एका लॅबमध्ये १०० आणि दुसरीत १०,००० छापून येतो. मीठ वाया घालवणाऱ्या सीएएचमध्ये पूर्ण दिवसांच्या बाळाचा आकडा बहुधा या पातळीच्या आसपास किंवा वर असतो, निरोगी बाळात तिसऱ्या दिवसानंतर तो याच्या कितीतरी खाली. मधलाच आकडा आला तर एसीटीएच हे अ‍ॅड्रिनलला चालना देणारं संप्रेरक देऊन उत्तेजन चाचणी करावी लागते, आणि ती मोठ्या रुग्णालयातच. साध्या एलायझा पद्धतीत नवजात बाळाच्या अ‍ॅड्रिनलमधले दुसरे पदार्थ मिसळून आकडा फुगतो. एलसी-एमएस ही जास्त नेमकी पद्धत मिळत असेल तर ती मागा. टेस्टोस्टेरॉनचंही तसंच.

सोडियम-पोटॅशियम: एकदा नव्हे, तीन आठवडे

इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. दुसऱ्या दिवशी सोडियम १३८ येतं, पोटॅशियम ५ येतं, आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून बाळ घरी जातं. सीएएचमध्ये हे आकडे पहिले चार-पाच दिवस सहसा ठीकच असतात. घसरण एक ते तीन आठवड्यांच्या दरम्यान होते. म्हणून गोटी न लागणाऱ्या बाळाचं सोडियम-पोटॅशियम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज किंवा एक दिवसाआड बघा, १७-ओएचपीचा अहवाल येऊन आजार नक्की नाही म्हणेपर्यंत. आधी पोटॅशियम वर सरकतं, मग सोडियम १३० च्या खाली जातं.

टाच पिळून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच ७ येतं. शिरेतून, न पिळता घ्या. याचा उलटा धोकाही आहे: खरं ७ आलेलं ‘हिमोलाइज झालं असेल’ म्हणून सोडून देणं. पुन्हा नमुना घेईपर्यंत ईसीजी बघा.

वजन हा घरचा सगळ्यात स्वस्त काटा. पहिल्या चार-पाच दिवसांत वजन उतरतं, पण दहा-चौदा दिवसांत ते जन्मवेळच्या वजनावर परत आलं पाहिजे. एकाच तराजूवर, कपड्यांशिवाय, दर दोन दिवसांनी मोजा. पाचव्या दिवसानंतरही उतरतच असेल तर दुधाला दोष देण्याआधी सोडियम बघा.

कणकुंबी, जांबोटीकडच्या रानातल्या गावांतून पावसाळ्यात रात्री बाहेर पडणं काय असतं ते तिथल्या माणसांना सांगायला नको. अशा गावचं बाळ अहवालाविना तिसऱ्या दिवशी घरी पाठवू नये. तीन आठवडे खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडं ठेवायला सांगावं.

बाळ कोसळलं तर

दूध ओढत नाही, उलट्या, अंग थंड, लघवी मात्र चालूच, सुस्ती, मग शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळणं. लघवी चालू असल्यामुळं पाणी कमी पडलंय हे लक्षात येत नाही. पोटातल्या वाटेला अडथळा असणाऱ्या, म्हणजे पायलोरिक स्टेनोसिसच्या बाळालाही याच वयात उलट्या होतात, पण त्यात पोटॅशियम कमी आणि रक्त अल्कलीकडं झुकलेलं असतं. सीएएचमध्ये पोटॅशियम जास्त आणि रक्त आम्लाकडं. एका ब्लड गॅस रिपोर्टवर फरक कळतो.

नॉर्मल सलाइन किलोमागं २० मिली, गरज पडल्यास पुन्हा. साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागं २ मिली. शक्य असल्यास १७-ओएचपी, कॉर्टिसॉल आणि सोडियम-पोटॅशियमचं रक्त आधी काढून ठेवा, पण शीर सापडत नाही म्हणून औषध थांबवू नका. हायड्रोकॉर्टिसोन २५ मिलीग्रॅम शिरेतून, नाहीतर मांडीत. १०० मिलीग्रॅमची कुपी २ मिली पाण्यात विरघळवली तर अर्धा मिली म्हणजे २५ मिलीग्रॅम. हे इंजेक्शन दम्यासाठी जवळपास प्रत्येक दवाखान्यात असतं. कपाटात आहे पण सुचलं नाही, असं होऊ नये. त्यानंतर दिवसाला प्रति चौरस मीटर ५० ते १०० मिलीग्रॅम, चार भागांत. नवजात बाळाचं अंगाचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटरच्या आसपास धरा.

डेक्सामेथासोननं हे काम भागत नाही, कारण ते मीठ धरून ठेवत नाही. आणि बाळांसाठी हाताशी असणारं आयसोलाइट-पी सलाइन इथं लावायचं नाही: त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर, म्हणजे नेमकं उलटं. पोटॅशियम फार चढून ईसीजी बदलला असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट द्या. इन्सुलिन जपून, कारण साखर आधीच घसरणीला असते.

बाळ थोडं स्थिरावलं की हलवा. बेळगावात सिव्हिल म्हणजे बीम्स आणि केएलई ही मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, अथणीहून मिरज-सांगली, लोंढ्याकडून हुबळी किंवा गोव्यातलं बांबोळी. निघण्याआधी फोन करून नवजात विभागात जागा आणि संप्रेरकतज्ज्ञ आहेत का ते विचारा. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड राज्याच्या सीमेपलीकडं चालेलच असं नाही, तेही आधीच विचारलेलं बरं. माहेर कोल्हापूरकडं आणि सासर बेळगावकडं असेल तर कागद दोन ठिकाणी विभागले जातात. एकच फाइल करा, ती बाळासोबत फिरली पाहिजे.

सोनोग्राफी आणि बाकीची वाट

गर्भाशय आहे का, हा सोनोग्राफीचा पहिला प्रश्न. आईच्या संप्रेरकांमुळं जन्मानंतर काही आठवडे गर्भाशय फुगलेलं असतं, म्हणून ते याच वेळी सहज दिसतं. मूत्राशय भरलेला हवा, म्हणजे दूध पाजून वेळ साधा. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या आणि वळ्यावळ्यांच्या दिसल्या तर सीएएचला बळ मिळतं. मूत्रपिंडंही बघून घ्या. ‘बीजांडं दिसली नाहीत’ याचा अर्थ ती नाहीत असा होत नाही. जन्मलेल्या बाळाची सोनोग्राफी किंवा गुणसूत्र तपासणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्याच्या आड येत नाही. तो कायदा गर्भधारणेपूर्वीच्या आणि गर्भातल्या लिंगनिदानाचा आहे.

गोटी लागत नाही, गर्भाशय आहे, गुणसूत्रं ४६,एक्सएक्स (मुलीची) आणि १७-ओएचपी खूप चढलेला: निदान झालं. आकडा मध्यम चढलेला आणि पुढं रक्तदाब वाढतोय, तर ११-बीटा-हायड्रॉक्सिलेजचा दोष. त्यासाठी ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल मोजतात.

४६,एक्सवाय (मुलाची गुणसूत्रं) निघालं तर वाट लांब असते. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच आणि एएमएच ही संप्रेरकं बघतात. एएमएच वृषणातून येतं, त्यामुळं ते भरपूर असेल तर वृषण कुठं तरी काम करतंय. टेस्टोस्टेरॉन आणि एएमएच दोन्ही कमी आणि गर्भाशयही दिसतंय, तर वृषणाची घडणच अपुरी. टेस्टोस्टेरॉन चांगलं असूनही अंग घडलं नाही, तर शरीर त्याला दाद देत नाही, किंवा त्याचं डीएचटी या जास्त प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारं ५-अल्फा-रिडक्टेज हे विकर कमी आहे. वेळेला महत्त्व आहे: मुलग्यात दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढतं. त्या काळात साध्या रक्तावर उत्तर मिळतं. तो हुकला की एचसीजी या संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन चाचणी करावी लागते. आणि एक्सवाय असूनही मीठ घसरणारे काही दुर्मीळ दोष आहेत, म्हणून सोडियमवरची नजर इथंही काढायची नाही.

गुणसूत्रांच्या अहवालावरून बाळाला कसं वाढवायचं हे आपोआप ठरत नाही. सीएएचच्या ४६,एक्सएक्स बाळाला बहुतेक सगळीकडं मुलगी म्हणूनच वाढवतात. बाकीच्या आजारांत संप्रेरकतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक आणि आईवडील बसून ठरवतात. शस्त्रक्रियेची घाई करणाऱ्याला ‘आत्ताच का’ असं विचारण्याचा आईवडिलांना पूर्ण हक्क आहे. लघवीला अडथळा नसेल तर ती थांबू शकते.

काय बोलायचं, काय लिहायचं

पहिल्या तासात जे तोंडातून जातं ते गावभर होतं. अंदाजानं ‘मुलगा’ सांगून आठवड्यानं ‘मुलगी’ म्हणणं घरच्यांना फार जड जातं. आईला असं सांगता येतं: ‘ताई, बाळ व्यवस्थित रडलंय, दूध ओढतंय. त्याच्या बाहेरच्या अंगाची वाढ पुरी झालेली नाही, म्हणून नुसतं बघून आम्ही सांगणार नाही. रक्त तपासतो, थोडे दिवस लागतील. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.’ हे नवरा-बायको दोघांसमोर, दार लावून बोलायचं. आजींना काय सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. संमतीचा कागद कानडीत असेल तर सही घेण्याआधी तो मराठीत वाचून दाखवा.

बाळंतिणीच्या खोलीत कुणी तरी यल्लम्माचं नाव काढतं, ‘देवीचं बाळ आहे, तिला सोडा’ म्हणतं. श्रद्धेशी वाद घालत बसू नका. हा ग्रंथीतला दोष आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो आणि गोळी चुकली तर जीव जातो, एवढं ठामपणे सांगा.

तायी कार्डवर (आईच्या नोंदींच्या सरकारी कार्डवर) आणि डिस्चार्जवर ‘लिंग अनिश्चित, तपासणी चालू’ असं लिहा. १९६९ च्या कायद्याप्रमाणं जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि नाव न घालताही ती करता येते. दवाखान्याच्या कारकुनाला सांगून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी काहीतरी भरून मोकळा होतो. चूक झालीच तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण हेलपाटे फार.

बारसं बाराव्या दिवशी असतं, आणि मीठ घसरण्याचे दिवसही तेच. पाहुण्यांच्या गर्दीत बाळ दूध कमी पितंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बारसं महिन्यानं केलं तर बिघडत नाही. करायचंच असेल तर त्याच दिवशी सकाळी वजन आणि सोडियम बघून मग करा.

निदानानंतर घरी

कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला प्रति चौरस मीटर १० ते १५ मिलीग्रॅम, तीन वेळा विभागून. म्हणजे नवजात बाळाला दिवसभरात दोन-तीन मिलीग्रॅम. अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन दिवसाला ५० ते २०० मायक्रोग्रॅम. सोबत १ ते २ ग्रॅम मीठ दिवसभराच्या दुधात वाटून, कारण आईच्या दुधात सोडियम अगदी कमी असतं. गोळी अंदाजानं मोडू नका. औषध दुकानदाराकडून सारख्या वजनाच्या पुड्या करून घ्या, मिठाच्याही. ‘लो-सोडियम’ मीठ मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन प्रत्येक मेडिकल दुकानात ठेवलेलं नसतं, म्हणून महिनाभराचा साठा कायम घरात हवा.

ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट. औषध उलटून पडलं तर पुन्हा द्या. पुन्हा उलटी झाली तर इंजेक्शन. कुपी, सिरिंज आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी एका डब्यात ठेवा आणि आजोबांनाही दाखवून ठेवा. चिठ्ठी कानडीत आणि इंग्रजीतही असू द्या, म्हणजे रात्री भेटेल त्या डॉक्टरला ती वाचता येईल.

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो. आजारी बाळाचं आणि आईवडिलांचं सीवायपी२१ए२ जनुक (२१-हायड्रॉक्सिलेज बनवणारं) आधीच तपासलेलं असेल तरच पुढं गर्भातली तपासणी नेमकी करता येते, म्हणून ते पुन्हा दिवस जाण्याआधी करून घ्या. गर्भातच डेक्सामेथासोन देण्याचा उपाय अजून प्रायोगिक मानला जातो. पुढचं बाळंतपण जिथं करायचं तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा, आणि मुलगा झाला, अंग अगदी नीट दिसलं, तरी तिसऱ्या दिवशी त्याचा १७-ओएचपी घ्यायला लावा.